समुद्राच्या पेटीतलं शेवाळ

दादा जहाजावरून घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक आणि पोत्यात गुंडाळलेल्या मोठाल्या काचेच्या बरण्या होत्या. बरण्यांत समुद्राचं पाणी होतं. मुंबईहून धामणगावपर्यंत रेल्वेनं आणि तिथून यवतमाळला मोटारीनं त्यानं त्या मांडीशी धरून आणल्या होत्या. एका बरणीत बोटाएवढे दोन निळे मासे होते, शंखात राहणारा एक खेकडा होता आणि पोवळ्याच्या दगडाला चिकटलेलं एक समुद्रफूल. ते फूल म्हणजे झाड नव्हे, जनावरच. पाण्यात हात फिरवल्यासारखे त्याचे तंतू हलत.

माल वाहणाऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत तो कामाला होता. तिथे वाफेची नळी फुटली. शेजारी उभा असलेला त्याचा सोबती जागीच गेला. दादाचा डावा कान गेला आणि मानेपासून खांद्यापर्यंतची कातडी भाजून निघाली. एवढं आम्हाला त्याच्या कागदांवरून कळलं. तो स्वतः काहीच बोलला नाही.

घरी आल्यावर त्यानं लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली, काचा बसवल्या, आतून डांबर लावलं आणि पेटी पुढच्या खोलीत मांडली. आमच्या वस्तीत तेव्हा वीज नव्हती. ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये पंपानं हवा भरायची, तिला दवाखान्यातली बारीक रबरी नळी जोडायची आणि चिमटा लावून ती हवा थोडी थोडी पाण्यात सोडायची, अशी त्याची युक्ती होती. ट्यूब रिकामी होण्याआधी कोणीतरी भरली पाहिजे. त्यासाठी तो घर सोडून जात नसे. माय म्हणायची, "पोरगं परत आलं, पण आलंच नाई."

उन्हाळा लागला तसं पेटीतलं पाणी झपाट्यानं आटायला लागलं. पाणी आटलं तरी मीठ आतच राहतं, म्हणून दादा विहिरीचं गोडं पाणी टाकून पातळी राखत असे. मग दगडांवर हिरवे केस उगवले. आधी गवताच्या कोंबाएवढे, मग बोटभर, मग वीतभर. दादा ते हातानं उपटायचा, रबरी नळीनं ओढून काढायचा, ओढलेलं पाणी मायच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यातून गाळून परत पेटीत ओतायचा, कारण समुद्राचं दुसरं पाणी आणायचं कुठून? त्यानं काचांवर ओली पोती टाकून उजेड अडवला, माशांना घालायची सुकट निम्म्यावर आणली. तरी शेवाळ हटेना. समुद्रफुलावर त्याची जाळी बसली आणि फूल मिटून गेलं. मासे सकाळी पाण्याच्या वरच्या अंगाला तोंड काढून राहायला लागले.

त्याच दिवसांत दादानं ताटावरून उठून जायला सुरुवात केली. भाकरी तशीच राहायची. माय माझ्याकडे बघायची, मी मायकडे.

बाबा जिनिंग फॅक्टरीत रात्रीचे चौकीदार होते. एका सकाळी कामावरून येताना ते कागदाची पुडी घेऊन आले.

"मोरचूद हाय," ते म्हणाले. "जिनातल्या हौदात हेच टाकतेत. एका दिसात शेवाळ जळून जाते."

त्यांनी पुडी सोडली. दादा भिंतीशी बसला होता. बाबांचा हात पेटीवर गेला तसा तो उठला आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"तुह्यासाठीच करून राह्यलो ना."

"मरतीन सारे. फूल मरन, खेकडा मरन."

"मरू दे मंग," बाबा म्हणाले. "असंही तूच मरून राह्यला त्याच्यापायी."

दादानं मनगट सोडलं नाही. बापाचा हात असा मुलानं धरलेला आमच्या घरात कोणी पाहिला नव्हता. मायनं मधे येऊन पुडी काढून घेतली आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. बाबा न जेवता झोपायला गेले. दादा मागच्या अंगणात जाऊन बसला, तो दुपारपर्यंत आत आलाच नाही.

मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टी होती. ट्यूब भरता भरता मला एक गोष्ट खटकत होती. विहिरीचं पाणी टाकलं की दोन दिवसांत शेवाळ आणखी जोमानं वाढायचं. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला सगळ्या वस्तीचा उकिरडा होता, त्याचं खत झिरपून पाण्यात उतरत असणार. मी दोन बाटल्यांत पेटीतलं पाणी घेतलं आणि दोन्हींत शेवाळाचा एकेक झुबका टाकला. एक बाटली आटली की विहिरीच्या पाण्यानं भरायची, दुसरी मोटार स्टँडवरच्या मेकॅनिककडून मागून आणलेल्या बॅटरीच्या पाण्यानं. बॅटरीचं पाणी म्हणजे वाफ करून थंड केलेलं, त्यात काहीच नसतं. थोड्याच दिवसांत पहिली बाटली हिरवी गच्च झाली. दुसरीतला झुबका पिवळा पडून तळाला बसला.

पण मेकॅनिक देऊन देऊन किती देणार? मग मी ठरवलं, आपणच वाफ धरायची. मागच्या अंगणात चूल मांडली, मायचा तांब्याचा हंडा वर ठेवला आणि झाकणाला नळी कशी बसवावी याचा विचार करत होते, तेवढ्यात दादा दारात आला.

"काय करून राह्यली?"

मी बाटल्यांची हकीकत सांगितली. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता. मग त्यानं हंडा खाली उतरवला.

"तांबं नको. मोरचूद तांब्याचंच असते. तांबं लागलं का फूल गेलं." हंडा बाजूला सारत तो म्हणाला, "जहाजावर असंच पाणी करत होतो आमी. समुद्राचं पाणी उकळून प्यायचं पाणी."

अपघातानंतर जहाजाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. मी मान वर केली नाही, न जाणो थांबेल म्हणून.

त्यानं नवं मडकं आणलं, वर दुसरं मडकं पालथं घातलं, पोकळ बांबूची नळी बसवली आणि सांधे भिजवलेल्या कणकेनं लिंपले. नळीवर ओलं फडकं गुंडाळलं आणि तिचं टोक बाटलीत सोडलं. पाणी थेंबाथेंबानं पडायला लागलं. तो चुलीशी उकिडवा बसून जाळ कमी-जास्त करत होता.

बाबा उठून बाहेर आले, ते पाहून जागीच उभे राहिले.

"हे काय मांडलं माह्या घरात?"

त्यांच्या आवाजातली भीती मला लगेच कळली. तेव्हा दारूबंदी होती आणि आसपास मोहाची दारू गाळणारे अशीच मडकी, अशीच नळी लावत. त्यात आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले लोक. दारूला शिवणार नाही अशी शपथ बाबांनी सगळ्या वस्तीबरोबर हात वर करून घेतली होती आणि ती पाळली जावी म्हणून दारोदार फिरलेही होते.

"पाणी हाय, बाबा," मी म्हटलं.

"मले समजते पाणी हाय ते. लोकाईले कोन सांगन?"

तरी त्यांनी भट्टी मोडली नाही. ते दारातच बसून राहिले, रस्त्याकडे बघत.

कोणी कळवलं ते कधी समजलं नाही. दोन-चार दिवसांनी दुपारच्या उन्हात पोलीस चौकीचा जमादार आणि एक शिपाई थेट मागच्या अंगणात आले.

"काय गाळून राह्यला रे?" जमादारानं विचारलं.

तो दादाच्या डाव्या बाजूला उभा होता. दादाला ऐकू गेलं नाही. तो जाळाकडेच बघत राहिला. जमादारानं त्याची कॉलर धरून त्याला उभं केलं. शर्ट ओढला गेला आणि भाजलेली मान उघडी पडली. मला वाटलं, आता हा काहीतरी करून बसतो.

"त्याले त्या कानानं ऐकू येत नाई, साहेब," मी मधे गेले. "ते पाणी हाय. नुसतं पाणी."

"पाणी कोन गाळते? विहीर आटली काय तुमची?"

जमादारानं बाटलीत बोट बुडवून जिभेला लावलं. चेहऱ्यावर काही दिसेना. शिपायानं तोवर काठीनं मडकं फोडलं होतं. पाणी चुलीत सांडलं, वाफेचा लोट उठला. दादानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसला. त्यानंतर ते त्याला आणि बाटलीला घेऊन चौकीवर गेले. बाबा अनवाणीच मागून धावले.

मी आणि माय घरात राहिलो. मी पंप मारत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. माय विचारत होती, "त्याले मारतीन काय?" मी तिला नाही म्हणत होते आणि पंप मारत होते. पोती भिजवायची राहिली हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. काचा तापल्या. पाण्यात हात घातला तेव्हा मला कळलं. दोन माशांपैकी एक उलटा होऊन तरंगत होता.

दिवस कलताना ते परत आले. पुढे दादा, मागे बाबा आणि जमादारही. दादाच्या अंगावर कुठे मार दिसला नाही. चौकीवर त्यानं मासे, समुद्र, वाफ, सगळं सांगितलं होतं. जमादाराला ते खरं वाटलं नव्हतं, म्हणून तो पाहायला आला होता. तो पेटीपुढे वाकला. खेकडा शंखातून पाय काढून दगडावर चढत होता.

"हे जितं हाय?" त्यानं बाबांना विचारलं.

"हाय, साहेब."

जमादार बराच वेळ तसाच वाकून होता. निघताना म्हणाला, "भट्टी पुढच्या अंगणात मांडत जा. रस्त्यावरून दिसली पाह्यजे."

दादाची नजर मेलेल्या माशावर गेली. माय त्याच्या हाताला धरून उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. त्यानं मासा ओंजळीत घेतला, बाहेर नेऊन पुरला, परत आला आणि माझ्या हातातून पंप घेतला.

"सरक, बाई. दमली तू," तो म्हणाला.

त्या दिवशी तो आणि बाबा एका ताटात जेवले.

पुढच्या अंगणात नवी मडकी आली. वस्तीतली माणसं येता-जाता थेंब चाखून बघत आणि बेचव म्हणून थुंकत. विहिरीचं पाणी बंद झाल्यावर शेवाळ महिनाभर तसंच तग धरून होतं. मग ते पिवळं पडून सुटायला लागलं. आम्ही दोघं ते काढत बसायचो. अशाच एका दुपारी त्यानं जहाजावर गेलेल्या त्या सोबत्याबद्दल सांगितलं. तो कोकणातला होता. मासे त्यानंच पाळले होते, बंदरावर एका खोलीत.

पावसाळा सरता सरता समुद्रफूल उघडलं. जिनचा हंगाम सुरू झाला तेव्हा बाबांनी बॉयलरवरच्या कामाबद्दल विचारलं, ते घाबरतच. तिसऱ्या दिवशी दादा डबा मागून घेऊन निघाला. माय ट्यूब भरायला काय ती उठली, बाकी दिवसभर दारातून हलली नाही. संध्याकाळी तो कोळशानं काळा होऊन आला, हात धुतले आणि म्हणाला, "बॉयलर चांगला हाय. व्हॉल्व्ह जुना हाय, बदलाले सांगतलं."