कापलेला गिटार सोलो

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून सायबर कॅफेतूनच लिहितोय. श्रीरामपुरात कॅसेट भरून देणाऱ्या दुकानदाराने माझ्या रॉक गाण्यांतले गिटारचे सोलो चक्क कापले. विचारलं तर म्हणतो, "मधी कुनी गातच नव्हतं. तेवढ्यात तुमचं एक गानं जादा बसवलं."

तीच कॅसेट दुपारी दोन मित्रांना ऐकवली. दोघंही रॉकवेडे, पॉपला नाकं मुरडणारे. डोळे मिटून माना डोलावत होते. शेवटी एक म्हणाला, "सोलो काय वाजवलाय राव."

सोलो कापलाय म्हटल्यावर माझ्यावरच उखडले. मला म्हणे रॉक कळत नाही.

शिव्या घाला, पण खरं सांगा. तुम्ही तरी सोलो ऐकता, की संपायची वाट बघता?