हिरव्या पानावरचा हत्ती

चार माणसं, एक फोन आणि त्याच फोनवर चालणारं इंटरनेट असलं, की ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साचतात. नव्वदीच्या शेवटाला राजाजीनगरात आमचं असंच एक ऑफिस होतं. खाली साड्यांचं दुकान, वर आम्ही. वेबसाइटवरचा मजकूर आणि चित्रं क्लायंटला स्वतःच चढवता यावीत, असं मॉड्यूल आम्ही बनवत होतो. त्याची खरी कर्तीधर्ती अक्का. घराणं मराठी, पण कैक पिढ्या इथलंच, या कानडी मुलखातलं. मी पुण्याहून नुकताच तिच्या हाताखाली आलो होतो. हट्ट कशाला म्हणतात, ते मी तिथे पाहिलं!

*

पहिला क्लायंट बोम्मसंद्र्यातला पंपांचा कारखाना. त्यांचं चिन्ह हत्ती, आणि वेबसाइटचं पान त्यांच्या पंपांसारखंच गर्द हिरवं. हत्ती चढवला, तर त्याच्याभोवती हा मोठा पांढरा चौकोन! मूळ चित्राची मागची बाजू चांगली पारदर्शक होती. आमचं मॉड्यूल चित्र लहान करताना तिथे पांढरा रंग भरून टाकायचं.

मालकांच्या मुलाचा फोन आला. "आमच्या हत्तीमागे चादर कुणी वाळत घातलीय?"

*

यावर जोगळेकर साहेबांनी, म्हणजे आमच्या बॉसनी, तोडगा काढला. "पानच पांढरं करा! मग चौकोन दिसेल कुणाला?"

"आणि उद्या त्यांनी गुलाबी पान मागितलं तर?" अक्का म्हणाली. "चित्रच पारदर्शक करते की. स्वल्प वेळ द्या."

साहेब भडकले. "डेमोपर्यंत दिला! नाही जमलं तर मॉड्यूल बंद. बाहेरून तयार विकत आणू, आणि तू परत पानं टाइप करायला बस."

"सरी," म्हणजे 'बरं', अक्का म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.

*

टेस्टिंगला आमचा नाईक. अक्का बदल करायची आणि नाईक ओरडायचा, "पास!" पुन्हा बदल, पुन्हा "पास!" आम्ही खूश. पण अक्काच्या मशीनवर चौकोन जागच्या जागी.

शेवटी तिने विचारलं, "नाईक, पान कुठल्या रंगाचं घेतलंयस?"

"पांढरं. डोळ्यांना बरं पडतं."

अक्काने त्याच्या मशीनवर हिरवं पान लावलं. "आता नापास म्हणायला शिक!"

*

मग एके दुपारी तिने सगळ्यांना हाक मारली. स्क्रीनवर नुसतं हिरवंगार पान. चौकोन नाही. हत्तीही नाही! मागच्या रंगाऐवजी हत्तीचाच रंग उडाला होता.

साहेब चष्मा लावून पुढे झाले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वा! एकदम पारदर्शक. अभिनंदन!"

अक्का चहासुद्धा न घेता पुन्हा कोडात शिरली.

*

चूक सापडली ती क्षुल्लक निघाली. कुठला रंग पारदर्शक, ही खूण चित्रातच असते. लहान करताना आमचं मॉड्यूल ती टाकून देत होतं. अक्काने खूण जपली, आणि वर एक सोयही दिली: साध्या चित्रातला कुठलाही एक रंग निवडा, तो जिथे जिथे असेल तिथे मागचं पान दिसेल.

हत्ती हिरव्यावर ऐटीत उभा राहिला. मला इतका आनंद झाला, की मी नाईकला मिठी मारली.

*

डेमो कारखान्यातच होता. थोरले मालक समोर बसले होते: पांढरा शर्ट, पांढरं लुंगीसारखं पंचं, पांढरे केस आणि पांढरी झुपकेदार मिशी. शेजारी त्यांच्या पत्नी जयम्मा. मागे आमचे साहेब, घाम पुसत.

हत्ती पाहून मालकांनी मान हलवली. तेवढ्यात मुलाला हुरूप आला. "अप्पांचा फोटो मीच चढवतो!" फोटोत मालकांच्या मागे पांढरी भिंत होती. ती नको म्हणून त्याने पांढरा रंग निवडला आणि बटण दाबलं.

भिंत गेली. तिच्याबरोबर शर्ट गेला, पंचं गेलं, केस गेले, मिशीही गेली. जिथे जिथे पांढरं होतं, तिथे आता पंपाचा हिरवा रंग. हिरवे केस, हिरवी मिशी, आणि मधून बघणारे मालक!

साहेब माझ्या कानात पुटपुटले, "संपलं." अक्का मात्र उठून उभी राहिली. "अण्णा, मॉड्यूलनं सांगितलं तेच केलंय. रंग चुकीचा निवडला. आत्ता नीट करून देते."

मालकांची स्क्रीनवरची नजर हलेना. आणि एकदम जयम्मा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अय्यो! पहिले पंप हे स्वतः रंगवायचे ना, तेव्हा घरी यायचे ते अगदी असेच!"

अक्काचा हात माउसवर होता. मालकांनी तो थांबवला आणि तिला म्हणाले,

"हेच राहू दे, अम्मा."