लोंबती वायर

गजभियेभाऊ हिंगण्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले, की बूट काढायच्या आधी टीव्ही लावत. मग मालिकेतल्या सुनेचा छळ सुरू व्हायचा आणि आमच्या शेजारचे हे मिशाळ सुपरवायझर खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायचे. आमच्या दोन घरांत भिंत एकच. मला सारे ऐकू यायचे.

मी हिशेबाचा माणूस. चूक दिसली की चैन पडत नाही. एकदा नायिका अतिदक्षता विभागात मरणाच्या दारी होती. मी भाऊंच्या घरीच बसलो होतो. म्हणालो, "भाऊ, त्या मशीनची वायर पाहा. लावलेलीच नाही, खाली लोंबते आहे."

"दिसते ना गा मले. तिची लिपस्टिक बी दिसते."

"मग रडता काहून?"

"खरं असतं त उठून धावा लागलं असतं. डॉक्टर पाह्य, रक्त आण. इथं नुसतं बसून रडता येते."

सुशीलावहिनी आतून ओरडल्या, "मी मरीन तवा बी एवढे रडजा बरं!"

"तू मर त खरी आधी!" भाऊ डोळे पुसत म्हणाले.

पुढच्याच वर्षी वहिनींना धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केले. मला एका जागी बसवेना. भाऊ मात्र औषधे, सह्या, रक्तदाते यांच्यामागे धावत होते. भिंतीवरच्या टीव्हीवर तीच मालिका लागली होती. मी खूण केली, तर वरही न पाहता म्हणाले, "सवड नाही गा."

वहिनी गेल्या. भाऊ रडले नाहीत. जलदान विधीच्या दिवशी जेवायला आलेल्या सगळ्यांना आग्रह करकरून वाढत राहिले. त्यांची मुलगी मला म्हणाली, "काका, बाबा जेवून नाही राहिले, झोपून नाही राहिले. एकदाचे रडले असते तर बरं झालं असतं." टीव्हीवर त्यांनी चादर टाकली होती. भिंतीपलीकडची ती शांतता मला सोसेना. दुपार झाली की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचो.

एका दुपारी दार वाजले. भाऊ होते, बूट पायातच.

"तुझा टीव्ही लाव ना गा. माझ्या घरी हिंमत होऊन नाही राहिली."

लावला. नायिका पुन्हा एकदा अतिदक्षता विभागात होती. मी तोंड मिटून बसलो. मग भाऊंनीच बोट दाखवले.

"पाह्य गा. आज बी वायर लावली नाही त्यायनं."

ते हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. दुपट्टा घरीच राहिला होता. मी टॉवेल आणायला घाईने उठलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"बस गा," ते हुंदक्यातून म्हणाले. "आता कुठी धावाचं नाही आपल्याले."