खिशातले तीन फ्यूज

यजमान गेले त्या दिवशी त्यांच्या पँटच्या खिशातून तीन फ्यूज निघाले. पांढऱ्या चिनी मातीचे, जड. ते गावचे लाईनमन होते. तळ्याकडच्या डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतून, लाईन बंद करून दुपारी जेवायला आले, हात धुतले, खाटेवर बसले आणि तिथेच गेले. खांबावरची एक सैल तार बांधायची राहिली.

खांबावर चढायचं तर एक माणूस वर आणि एक खाली, डीपीपाशी. वर कुणी असताना भलत्यानेच लाईन सुरू करू नये म्हणून. आमच्या गावाला खालचा माणूस कधी मिळालाच नाही. त्यासाठीचे अर्ज मी लिहायची. शाळेत शिकवत होते, अक्षर बरं होतं. उत्तर एकच यायचं, माणूस नाही. आयटीआय शिकलेली पोरं नागपूर-रायपूरच्या कारखान्यांत जात. मग हे स्वतःच फ्यूज काढून खिशात घालत आणि तसेच वर चढत. खिसा थोपटून म्हणत, "हा माझा दुसरा माणूस. रजा नाही मागत, तंबाखूचा खर्रा नाही मागत."

मी ते फ्यूज पुस्तकांच्या फळीवर ठेवले. तेरवी झाली. मागायला कुणी आलं नाही, द्यायला मी गेले नाही. संध्याकाळी एखादा हातात घेऊन बसायची. बऱ्याच वेळाने तो कोमट व्हायचा.

एक दिवस शेजारचा शेतकरी म्हणाला, "धान वाळून राहिला होता बाई. डीपीत जाडी तार टाकली न् मोटर चालवून राहिलो."

"अन् वर कोणी चढलं तर?"

"चढणारा आहे कोठी आता?"

बोलून गेला आणि मोटरीकडे वळला.

मी वीज ऑफिसला फोन करत राहिले. चौथ्या दिवशी सडक अर्जुनीकडचा लाईनमन आला. तीन जणांची गावं तो एकटाच सांभाळत होता.

"वहिनी, पाच मिनिटाचं काम. चढलो न् उतरलो."

"खाली कोण आहे?"

"खाली देव आहे."

"देवाकडे फ्यूज नाहीत. माझ्याकडे आहेत."

तो हसला, पण डीपीतली जाडी तार उपसून त्याने माझ्या हातात दिली. फ्यूज माझ्या पिशवीत होते. मी डीपीपाशी शेताच्या धुऱ्यावर बसले. तो सैल तारेच्या खांबावर चढला.

मोटर बंद पडलेली पाहून शेजारी बांधावरून ओरडत आला, "काऊन बंद केली हो?"

"माणूस वर आहे," मी म्हणाले.

हे वाक्य यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. माझ्या तोंडून निघालं तेव्हा शेजारी तिथेच बांधावर टेकला.

लाईनमन उतरला, त्याने हात पुढे केला. मी एकेक फ्यूज दिला. तिसरा द्यायला थोडा वेळ लागला, तो थांबला. फ्यूज बसले, मोटर सुरू झाली.

"गुरुवारी पलीकडच्या गावात चढायचं आहे," तो गाडीला किक मारत म्हणाला. "येता का वहिनी खाली बसायला?"

थट्टाच असावी. पण घरी आल्यावर मी फळी पुसली आणि पिशवी दाराच्या खुंटीला अडकवली.