हागोपचा मठ

एकाच टेबलावर वर्षानुवर्षं डबा खाल्ला की किस्से साठतच जातात. सिडनीतल्या पॅरामॅटाच्या आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या ऑफिसात तर बहुतेक किस्से एकाच माणसाचे. हागोपचे! साठी ओलांडलेला आर्मेनियन ड्राफ्ट्समन, इस्तंबूलमध्ये वाढलेला. टेबलावर बाकी आम्ही तिघं: मी, जवळच वेंटवर्थव्हिलला राहणारी संध्या आणि बॉस क्रेग.

*

मी नवीन होतो तेव्हा त्याला विचारलं, "तुझं मूळ गाव कुठलं?"

त्याने फोन पुढे केला. फोटोत घुमट कोसळलेली दगडी इमारत, आत एक बकरी.

"मठ आहे आमचा, मध्ययुगातला. पूर्व तुर्कस्तानात. माझे पणजोबा तिथली घंटा वाजवायचे."

संध्या वाकून म्हणाली, "आणि ही बकरी?"

"सध्याची मठाधिपती!"

आम्ही खूप हसलो. तो मात्र बराच वेळ फोटोकडे बघत राहिला.

*

एकदा पावसामुळे साइट बंद होती, तेव्हा त्याने सगळा इतिहास सांगितला. एका सरदाराने आईच्या आठवणीसाठी मठ बांधला. तिथले साधू कातड्यावर पोथ्या लिहायचे, जत्रेला डोंगरापलीकडून माणसं यायची. मग भूकंपात घुमट पडला. गावाने तो पुन्हा उभा केला.

"मग आता का पडलाय?" मी विचारलं.

"शंभरेक वर्षांपूर्वी सरकारने आमच्या लोकांना हाकलून दिलं. बहुतेक वाटेतच मारले गेले. आमच्या घरातली आजी तेवढी वाचली." मग म्हणाला, "भूकंपात घुमट गेला, माणसं राहिली. नंतर माणसंच गेली. घुमट कोण बांधणार?"

संध्या हळूच म्हणाली, "आमच्या गावच्या वेशीचे दगडही लोकांनी घरं बांधायला नेले."

"नेले ना? पण तुझ्या गावात लोक तरी आहेत!"

*

फोटोंवरून त्याने मठाचं थ्रीडी मॉडेल केलं. घुमट, घंटा, सगळं जागच्या जागी. क्रेग मागे येऊन उभा राहिला. चांगला माणूस, पण जोक केल्याशिवाय राहवत नाही.

"ब्युटिफुल, mate! पण फायर एक्झिट कुठाय?"

हागोप स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाला, "नव्हता, क्रेग."

त्या arvo ला, म्हणजे दुपारीच, क्रेगने सगळ्यांना लवकर घरी सोडलं.

*

हागोपचे वडील सिडनीत आल्यापासून म्हणायचे, "पुढच्या वर्षी मठात जाऊ." आधी दुकान होतं, मग गुडघे, मग हार्ट. राहूनच गेलं. त्यांना पुरताना हागोपने होकायंत्र लावून त्यांचं तोंड मठाकडे केलं.

"आता बघत असतील," मी म्हणालो.

"हो. मध्ये फक्त कारपार्क येतो!"

*

गेल्या वर्षी हागोप शेवटी एकटाच गेला. मठाच्या भिंतीही आता अर्ध्याच उरल्या होत्या. खालच्या गावातल्या एका म्हातारीने त्याला चहाला घरात बोलावलं. इस्तंबूलमध्ये वाढल्यामुळे तिची तुर्की भाषा त्याला येत होती.

चुलीमागच्या भिंतीत एक कोरीव दगड बसवलेला होता. आर्मेनियन क्रूस, नाजूक वेलबुट्टीचा. उलटा.

तो दगडाकडे बघतोय हे म्हातारीने पाहिलं. चहाचा पेला त्याच्या हातात देत तिने विचारलं, "तुमच्या लोकांचा आहे का रे हा?"

त्याने मान डोलावली.

ती घाबरली. "उलटा लागलाय का? मुलाला सांगून सरळ करून घेऊ?"

"राहू दे, आई," हागोप म्हणाला. "भिंत पडेल."