लवंगीबाईंचा धाक

लवंगीबाई आईला आधी झापतात आणि पोराला मग बघतात, असं सगळे म्हणत. ते साफ खोटं. पोराला बघता बघताच त्या आईला झापायच्या. उल्हासनगरच्या आमच्या मुलांच्या दवाखान्यात त्या इन्चार्ज सिस्टर होत्या. उंची जेमतेम पावणेपाच फूट आणि जिभेला लवंगी मिरचीचा झटका, म्हणून आम्ही नर्सेसनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव.

मानेत आत पू झालेलं मूल त्या दारातच ओळखत. लाळ गळतेय, घोट गिळवत नाही, मान एका अंगाला धरलेली. ‘बाळा, वर पंखा बघ,’ म्हणायच्या. मान वर झाली नाही की लगेच डॉक्टरांना फोन. ‘आडवं करू नका त्याला, श्वास अडकेल, बसूनच राहू दे,’ हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. पू काढून झाला की ड्यूटी संपली तरी पोराला छातीशी टेकवून बसायच्या. तेव्हा त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की आम्ही चोरून ऐकायचो.

पोरांच्या आयांच्या नशिबी तो आवाज नव्हता. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एक बाई आली. मुलीच्या मानेवर हळद-चुन्याचा जाड लेप. ‘सासूनी लावला वो,’ ती म्हणाली. ‘लेप भिंतीला लावतात! आत पू आणि वर रंगरंगोटी! चार दिवस काय मुहूर्त बघत होतीस?’ ती बाई वॉर्डभर लोकांसमोर रडली. एका सिंधी बाईनं थोरल्याचं उरलेलं औषध धाकट्याला पाजलं होतं. ‘फेंकने का दिल नहीं हुआ, सिस्टर.’ ‘तो अब बच्चे को फेंकें?’ असं लवंगीबाई म्हणाल्या. खरंच म्हणाल्या. आणि आम्ही औषधांच्या कपाटाआड तोंडात रुमाल कोंबून हसलो. सगळ्यांत जास्त मी.

एकदा मी भीत भीत म्हटलं, ‘बाई, जरा जास्त होतं हो.’

‘गोड बोलून कोण शहाणं झालंय? आज माझी बोलणी खाल्ली की पुढच्या खेपेला पहिल्याच दिवशी धावत येतील.’

काही जणी तशा येतही. म्हणून मला ते पटलं.

त्यांचा मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत होता. तो, सून आणि चार वर्षांचा नातू सोनिवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहत. सून इतकी अबोल की चहात साखर कमी पडली तरी सासूला सांगायची नाही. एका सोमवारी तिचा वॉर्डात फोन आला. बाई डॉक्टरांबरोबर राउंडला होत्या, म्हणून मी घेतला.

‘ताई, आईंचा मूड कसा आहे आज?’

मला मेलीला चेष्टाच सुचली. ‘आज नको गं बाई! सकाळपासून तिघींची सालटी काढलीत.’

ती म्हणाली, ‘मग राहू दे. करते नंतर.’

फोन कशासाठी केलास, हे मी विचारलं नाही.

बुधवारी दुपारी ती मुलाला कडेवर घेऊन आली. गळ्याला रुमाल, रुमालाखाली वाळलेला लेप. पोराची लाळ तिच्या खांद्यावर गळत होती आणि श्वासाला घरघर लागली होती.

‘कधीपासून?’

‘शनिवारपासून.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही ओरडाल म्हणून, आई.’

लवंगीबाईंनी पोराला बसतं धरलं आणि डॉक्टरांना हाक मारली. पू छातीत उतरला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण शुक्रवारी सकाळी पोर गेलं. सून माहेरी निघून गेली ती परत आली नाही, आणि सासूशी पुन्हा एक अक्षर बोलली नाही.

त्यानंतर बाई कुणावर ओरडल्या नाहीत. लेप लावलेली पोरं येतच राहिली. त्या ओल्या कापसानं मुकाट्यानं लेप पुसत आणि आईला ‘बसा’ म्हणत. मला तो वॉर्ड सहन होईना. दोन वर्षं तो फोन माझ्या घशात अडकून होता. रोज ठरवायचे, आज सांगू, आणि रोज घरी जायचे.

निवृत्तीच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘त्या चार दिवसांत तिला मला एक फोन करावासा वाटला नसेल का गं?’

‘नसेल वाटला,’ मी म्हणाले.