जयवंतीआजीची अष्टमी

जयवंतीआजीला मी नापास केलं होतं.

आज सकाळी चिंचणीला, तिच्या घरी, ती वारली.

नापास केलं तेव्हा मी जेरोंटोलॉजीच्या, म्हणजे वार्धक्यशास्त्राच्या, डिग्रीला होते. आठवड्यात चार दिवस लेक्चर, दोन दिवस म्हाताऱ्या माणसांच्या घरी प्रॅक्टिकल.
सरावलीतल्या आमच्या शेजाऱ्यांना याचं भारी हसू. "म्हातारं व्हायला पण आता कॉलेज लागतं का गं?"

माझी पहिलीच केस जयवंतीआजी. जन्मभर बाजारात मासळी विकलेली. मी फॉर्म काढला.

"आजी, आज तारीख किती?"
"अष्टमी."
"तिथी नाही, तारीख."
"अगो, अष्टमी हाय. भरतीला जोर नाय. पानी आज दमानं चालंल."
"बरं, महिना?"
"पौष."

फॉर्मवर जानेवारी होतं. काट मारली.
साल विचारलं तर म्हणाली, "त्याचं मला काय करायचंय?" पुन्हा काट.

रिपोर्टमध्ये लिहिलं, स्मरणशक्ती कमकुवत, एकटीला बाहेर पाठवू नये.
मार्क्स छान मिळाले. मला.

तिच्या मुलाने, भालचंद्रकाकांनी, तो कागद वाचला आणि घाबरून आईची टोपली माळ्यावर टाकली. बाजार बंद.

तीन आठवड्यांनी गेले तर आजी ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेली.
"मी येडी झाले, असं तूच लिवलंस ना?"

मी जाऊन कॉलेजातल्या मॅडमना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिला भरतीची वेळ विचारून बघ."
विचारली. पुढच्या आठ दिवसांची घडाघडा सांगितली.
काकांसमोर रिपोर्ट फाडला. दोघांची माफी मागितली.

टोपली खाली उतरली. पण बाजारातली तिची चाळीस वर्षांची जागा तोवर दुसरीने धरली होती. शेवटपर्यंत आजी मागे नळापाशी, कोपऱ्यात बसली.
जागेवरून मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. लाज अजून वाटते.

फक्त मी दिसले की विचारायची, "काय गो डिग्रीवाली, आज तिथी कंची?"
मला एकदाही सांगता आली नाही.
"नापास!" म्हणून खदाखदा हसायची.

आज तिच्या अंत्यदर्शनाला निघताना कॅलेंडर बघून गेले. विचारायला कोणी नव्हतं.

अष्टमी आहे, आजी. पाणी दमानं चाललंय.
सावकाश जा.